लेझमीवरचा कर

तिसगावात चांगुणाबाई भिंगारदिवे यांना सगळे लेझीमवाली म्हणत. एसटी स्टँडच्या मागे त्यांचे पत्र्याचे दोन खण होते. एका खणात लाकडी दांडे, साखळ्या आणि लोखंडी चकत्यांचे ढीग असत, दुसऱ्यात तयार लेझमी खिळ्यांना टांगलेल्या. वारा सुटला की सगळं दुकान खुळखुळायचं.

हा धंदा त्यांनी ठरवून काढलेला नव्हता. त्यांची मुलगी यशोधरा पाचवीत असताना शाळेच्या लेझमी तुटून पडल्या होत्या. चांगुणाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, शाळेत लेझीम पथकाच्या पुढे असायच्या. त्यांनी तुटक्या लेझमी घरी आणून बांधून दिल्या, पाच रुपयांना एक. त्यांचे यजमान उत्तमराव साखर कारखान्यात फिटर. पत्र्याच्या गोल चकत्या कापायचा साचा त्यांनी करून दिला. मग शेजारच्या गावातली शाळा आली, मग पाथर्डीची. पाच वर्षांत चांगुणाबाईंच्या हातच्या लेझमीचा आवाज मास्तर लोक ओळखायला लागले.

१९९४ची दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. दुपारच्या गाडीतून जस्टिन पाटोळे सर उतरले. नगरच्या एका मिशन शाळेत ते खेळाचे शिक्षक होते आणि दरवर्षी वीस-पंचवीस लेझमी चांगुणाबाईंकडूनच न्यायचे. त्यांनी सलाम केला, उत्तमरावांनी जयभीम घातला, आणि सर दांड्यांच्या ढिगावरच बसले.

"वहिनी, सव्वीस जानेवारीला सहाशे लेझमी पाहिजेत."

"साठ?"

"सहाशे. अकरा शाळांची पोरं एका मैदानावर खेळणारेत."

चांगुणाबाईंच्या हातातली पक्कड तशीच राहिली. उत्तमराव मात्र लगेच मनातल्या मनात चकत्या मोजायला लागले.

"पण एक अडचण आहे," सर म्हणाले. "पैसा अनुदानातून येणार. त्याचं ऑडिट होतं. विक्रीकराचा नंबर असलेलं पक्कं बिल लागेल. माझ्या हातात असतं तर मी तुमच्या वहीच्या पानावर काम भागवलं असतं."

"नंबर कुठं मिळतो?"

"नगरच्या ऑफिसात. लवकर बघा. वर्ष संपेपर्यंत नंबर नसला तर मला पुण्याच्या व्यापाऱ्याकडं जावं लागेल."

सर गेले आणि अर्ध्या तासात ही बातमी सगळ्या पेठेला कळली. संध्याकाळी भांड्याचे दुकानदार भिमाजी मुद्दाम येऊन उभे राहिले. पेठेतले ते जुने, त्यांचा शब्द लोक मानायचे.

"चांगुणाबाई, भलता नाद करू नका. आपनहून कुनी सेल्स टॅक्सच्या दारात जातं व्हय? ती वाघाची गुहा हाय. एकदा नाव लागलं की सुटका न्हाई."

"तुमचं नाव हाय का तिथं, भाऊ?"

"माझं? छ्या!" भिमाजींनी इकडं तिकडं पाहिलं. "आमी कसं, त्यांची गाडी आली की शटर वडून घेतो."

ते गेल्यावर उत्तमरावांनी विचारलं, "मंग? काय करायचं म्हनतीस?"

"वाघ वाघ म्हनत्यात, पन बघितलाय कुनी? जाऊन बघू तरी. खाल्लं तर खाल्लं."

दुसऱ्याच दिवशी उत्तमरावांनी रजा टाकली. पहिल्या गाडीनं दोघं करंजीचा घाट चढून नगरला पोचले. नमुना म्हणून दोन लेझमी पिशवीत घेतल्या होत्या. गाडीत, रस्त्यावर आणि ऑफिसच्या जिन्यात त्या इतक्या वाजत होत्या, की वरच्या मजल्यावरचा शिपाई कोण येतंय ते बघायला आधीच बाहेर येऊन उभा होता.

बाकावर सात-आठ व्यापारी चोपड्या मांडीवर घेऊन बसले होते. सगळ्यांचे चेहरे दात काढायला आल्यासारखे. आत विक्रीकर अधिकारी आसाराम दहातोंडे बसले होते. सडपातळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं. त्यांच्यासमोर खुर्ची नसल्यानं चांगुणाबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या,

"सायेब, मला विक्रीकर भरायचाय."

दहातोंडे साहेबांनी चष्मा काढला. "भरायचा आहे?"

"व्हय. नंबर पाहिजे."

"नोटीस आली का?"

"न्हाई, मीच आले."

बाहेरच्या बाकावर कोणीतरी फस्सकन हसलं. साहेबांनी खुर्च्या मागवल्या, दोघांना बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. वर्षाची विक्री ऐकल्यावर ते म्हणाले, "बाई, एवढ्या विक्रीला नोंदणीची सक्ती नाही. कायद्यानं मर्यादा घालून दिली आहे. माल बनवून विकणाऱ्याला वेगळी, नुसता विकणाऱ्याला वेगळी. तुम्ही तिच्या बऱ्याच खाली आहात. तुम्हाला काही भरायला नको."

दुसरं कोणी असतं तर पेढे वाटले असते. चांगुणाबाईंचा चेहरा उतरला.

"मंग माझ्या सहाशे लेझमी गेल्या म्हना की."

"असं कोण म्हणालं? सक्ती नाही, मनाई पण नाही. स्वखुशीनं नोंदणी करता येते. मात्र एकदा केली की सगळे नियम लागू. नंतर 'मी लहान दुकानदार' म्हणता येणार नाही."

"चालंल."

साहेबांनी छापील अर्ज काढला, पेन उघडलं आणि अडले. "मालाचा प्रकार. लेझीम म्हणजे नक्की काय धरायचं?"

"लेझीम म्हंजे लेझीम."

"तसं नसतं. प्रत्येक मालाचा खाना ठरलेला असतो आणि प्रत्येक खान्याला दर वेगळा. वाद्याचा एक, खेळाच्या सामानाचा दुसरा, लोखंडी वस्तूचा तिसरा. चुकीच्या खान्यात टाकलं तर एकतर सरकार बुडतं, नाहीतर तुम्ही." त्यांनी एक जाडजूड पुस्तक ओढून पानं चाळली. लेझीम काही सापडेना.

बाकावरचे व्यापारी एव्हाना दारात येऊन उभे होते. एक म्हणाला, "साहेब, साखळी आहे, चकत्या आहेत. लोखंडात घाला."

"अन् दांडा?" उत्तमराव म्हणाले. "तो लाकडाचा हाय की."

निरीक्षक पंकज शेजारच्या टेबलावर बसला होता. पंचविशीतला, दर रविवारी क्रिकेट खेळणारा. तो म्हणाला, "सर, वाजतं म्हणजे वाद्यच. सरळ आहे."

चांगुणाबाई त्याच्याकडं वळल्या. "दादा, पळताना तुमच्या बुटाचा आवाज येतो. म्हनून बूट वाद्य झाला का?"

सगळे हसले. पंकजही हसला, पण मागं हटेना. "बूट आवाजासाठी घेत नाहीत. लेझीम आवाजासाठीच घेतात."

"आवाज ठेक्यासाठी असतो. खरा खेळ अंगाचा." त्यांनी पिशवीतनं एक लेझीम काढून त्याच्यापुढं धरली. "धा मिनटं खेळा माझ्यासंगं. घाम न्हाई आला तर खुशाल वाद्य म्हना."

पंकजनं साहेबांकडं पाहिलं. दहातोंडे साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मालाची तपासणी करायला हरकत नाही. बाहेर व्हरांड्यात."

व्हरांड्यात चांगुणाबाईंनी पदर खोचला. "उजवा पाय म्होरं. हां. खाली वाका, गुडघ्यापाशी एक. उठा, दोन. उजवीकडं तीन. बसा आता, पार खाली, चार. उठा!" पहिलं मिनिट पंकज ऐटीत होता. दुसऱ्या मिनिटाला चांगुणाबाईंनी चाल वाढवली. आजूबाजूच्या खोल्यांतून कारकून बाहेर आले, खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात जमली. एका कापडवाल्या शेठनं चोपडी बगलेत मारून टाळीचा ठेका धरला. बैठक, उडी, गिरकी, पुन्हा बैठक. चांगुणाबाई बेचाळीस वर्षांच्या, पण त्यांचा पाय वाऱ्यासारखा पडत होता आणि तोंडानं "एक, दोन" अखंड चालू होतं. पाचव्या मिनिटाला पंकजनं कठडा धरला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"सर," तो धापा टाकत म्हणाला, "खेळ आहे."

दहातोंडे साहेब आत गेले आणि त्यांनी अर्जात लिहिलं, 'शारीरिक शिक्षणाचे व खेळाचे साहित्य'. वर म्हणाले, "हे माझं मत. पुढं कोणी वाद घातलाच तर मुंबईला आयुक्तांकडून निर्णय मागवता येतो. पण तिथं घामाचा पुरावा कसा पाठवायचा, ते मला माहीत नाही." ते हसले नव्हते. पण बाहेर जाऊन पंकजला पाणी द्यायला मात्र त्यांनी शिपायाला सांगितलं.

मग साहेबांनी एकेक नियम समजावून सांगितला. बिलाची पुस्तकं छापून घ्यायची, क्रमांक घालून. मालाची किंमत वेगळी लिहायची, कर वेगळा. दर तिमाहीला विवरणपत्र भरायचं आणि जमा झालेला कर चलनानं बँकेत भरायचा.

"म्हंजे गिऱ्हाइकानं दिलेला कर माझा न्हाईच," चांगुणाबाई म्हणाल्या. "शेजारनीनं ठेवाया दिलेल्या पातेल्यावानी. घरात असलं तरी त्यात कालवन करायचं न्हाई."

साहेबांनी मान वर केली. "वीस वर्षं मी व्यापाऱ्यांना हेच सांगतोय. पातेलं सुचलं नव्हतं."

"अन् एखाद्या तिमाहीत काईच इकलं न्हाई तर?"

"तरी विवरणपत्र द्यायचं. त्यावर निरंक लिहायचं. आणि एक ध्यानात ठेवा. नंबर हातात येईपर्यंत कोणाकडूनही कराचा एक पैसा घ्यायचा नाही. तो गुन्हा आहे."

शेवटी त्यांनी सहज विचारलं, "माल जिल्ह्याच्या बाहेर जातो?"

"जातो की. बीडला, पैठनला. मागल्या साली बिदरला बी चाळीस लेझमी धाडल्या, टपालानं. तिथल्या मास्तरांनी पत्र लिवलं हुतं. पार्सल सोडवताना त्यांनी पोष्टात पैसं भरलं, मला हितं पोचलं."

साहेबांचं पेन थांबलं. "बिदर कर्नाटकात."

उत्तमराव खाकरले. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

"बाई, आपल्या राज्यात विकता तोवर तुमचं काही देणं नव्हतं. पण माल राज्याची हद्द ओलांडून गिऱ्हाइकाला गेला की केंद्राचा विक्रीकर लागतो. आणि त्याला मर्यादा नाही. पहिल्या नगापासून लागू."

"पन मी तर दुकान सोडून कुटं गेलेच न्हाई. घरबसल्या इकल्या."

"तुम्ही कुठं बसलात याला किंमत नाही. माल कुठून निघाला आणि कुठं पोचला, ते बघायचं."

वाघानं आता तोंड उघडलं होतं. "किती दंड व्हईल, सायेब? मला खरंच ठावं नव्हतं."

दहातोंडे साहेबांनी कागदाच्या तुकड्यावर आकडेमोड केली, पुन्हा तपासली आणि तुकडा पुढं सरकवला. कर आणि त्यावरचं व्याज मिळून रक्कम दीडशे रुपयांच्या आत होती.

"तुम्ही स्वतःहून सांगितलंत. नोंदणी झाली की पहिल्यांदा हे भरा, माझ्याकडून विषय संपला. लपवलं असतं आणि आम्ही शोधून काढलं असतं तर निराळं झालं असतं."

जिना उतरताना उत्तमराव म्हणाले, "कशाला बोललीस बिदरचं?"

"इचारलं म्हनून. आन आता बरं वाटतंय बगा. मास्तरांचं पुन्हा पत्र आलं तर बिनघोर धाडता येतील." आणि त्या पिशवी मुद्दाम हलवत, वाजवत रस्त्याला लागल्या.

नोंदणीच्या आधी धंद्याची जागा बघायला निरीक्षक येतो. पंकज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला, नेमका बाजाराच्या दिवशी. सरकारी जीप स्टँडजवळ थांबली आणि पेठेत वणवा पेटावा तशी हाक पेटली. "सेल्स टॅक्स! सेल्स टॅक्स!" धडाधड शटरं पडली. भिमाजींचं तर अर्धवट अडकलं, तेव्हा त्यांनी आतून पोतं लावलं. भर बाजारात पाच मिनिटांत बंद पुकारल्यासारखी शांतता पसरली. उघडी राहिली ती फक्त भाजीवाल्यांची पथारी आणि चांगुणाबाईंचे दोन खण.

पंकज बुचकळ्यात पडला. "ताई, आज बाजार ना? दुकानं बंद कशी?"

"तुमी आला म्हनून."

"मी तर फक्त तुमच्याकडं आलोय."

चांगुणाबाई एकदम उठल्या, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि लेझीम पथकाला द्यायच्या आवाजात ओरडल्या, "उघडा रं! सायेब माझ्यासाठी आल्याती! तुमच्यासाठी न्हाईत!"

एक शटर वीतभर वर गेलं, मग दुसरं. फटींमधून नुसते डोळे दिसायला लागले. चहा सांगावा तर हॉटेलवालाही गायब झाला होता. शेवटी चांगुणाबाईंनी स्वतःच स्टोव्ह पेटवून चहा केला.

पंकजनं दोन्ही खण पाहिले, कच्चा माल पाहिला, वही पाहिली. मग अर्जातला एक रकाना दाखवून म्हणाला, "धंद्याचं नाव राहिलंय. पाटीवर काय लिहिलंय?"

"पाटीच न्हाई."

"मग आता ठरवा."

चांगुणाबाईंनी उत्तमरावांकडं पाहिलं. उत्तमरावांनी हात जोडले, तू सांग म्हणून. त्या म्हणाल्या, "लिवा. चांगुणा लेझीम कारखाना."

"कारखाना?" उत्तमराव हसत म्हणाले. "अगं, मी जिथं जातो तो कारखाना. त्याला धुराडं असतं."

"तुमच्या कारखान्यात तुमी कामगार. हितं मी मालक. लिवा, दादा."

पंकजनं लिहिलं.

नोंदणीचा दाखला वीस डिसेंबरच्या सुमारास रजिस्टर टपालानं आला. चांगुणाबाईंनी हात धुऊन लखोटा उघडला. आत व्यापाऱ्याचं नाव म्हणून त्यांचं अख्खं नाव टंकलेलं होतं आणि खाली नंबर. त्यांनी तो तीनदा मोठ्यानं वाचला. मग आपल्या नावावर बोट ठेवून त्या बघतच राहिल्या.

"काय झालं गं?" उत्तमरावांनी विचारलं.

"काई न्हाई. ह्याच्या आधी सरकारनं माझं नाव लिवलं ते बहात्तरच्या दुष्काळात. खडी फोडायच्या मस्टरवर. नावापुढं अंगठा घेतला हुता, मला सही येती म्हनून सांगितलं तरी."

उत्तमरावांनी त्याच दिवशी दाखल्याला काचेची चौकट केली. दाखला धंद्याच्या जागी दिसेल असा लावायचा, असा नियमच होता. त्यांनी तो इतका दर्शनी लावला, की स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्यालाही वाचता यावा.

मग महिनाभर दोन्ही खणांत उसंत नव्हती. उत्तमराव पाळी सुटली की चकत्या कापायचे, यशोधरा शाळेतून आली की साखळ्यांना कड्या घालायची. गल्लीतल्या चार बायका रोजानं आल्या. वीस जानेवारीला सहाशे लेझमी टेम्पोत चढल्या. जस्टिन सरांच्या हातात चांगुणाबाईंनी बिल दिलं. पहिल्या पुस्तकातलं पहिलं पान, क्रमांक एक. किंमत वेगळी, कर वेगळा, खाली पूर्ण सही.

सव्वीस तारखेला दोघं नगरच्या मैदानावर दोरीपलीकडच्या गर्दीत उभे होते. जस्टिन सरांनी शिट्टी फुंकली, हलगी कडाडली आणि सहाशे पोरं एका दमात खाली वाकली. सहाशे लेझमींचा एकच आवाज उठला. मागची माणसं टाचा उंचावून बघत होती. एक आजोबा तर जागच्या जागी पाय टाकायला लागले होते. चांगुणाबाई मात्र डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी उत्तमरावांचा दंड धरला.

"डाव्या अंगाला एक चकती सैल हाय."

"सहाशेत एक? कसं कळलं तुला?"

"माझ्या हातची हाय ना," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटून हसायला लागल्या.

डिसेंबरचं निरंक विवरणपत्र आणि बिदरचा कर जानेवारीतच भरून झाला होता. सहाशे लेझमींचं विवरणपत्र एप्रिलमध्ये भरायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी भिमाजी दुकानाशी घुटमळत आले. आधी उन्हाळ्याबद्दल बोलले, मग भांड्यांच्या भावाबद्दल. शेवटी म्हणाले, "नगरच्या एका वसतिगृहाला दोनशे ताटं पाहिजेत. पक्कं बिल मागत्यात. तो अर्ज लई अवघड असतो का वो?"

"अवघड कशाचा? तुमची विक्री माझ्यापेक्षा लई मोठी, भाऊ. तुमाला तर हे कवाच करायला पाहिजे हुतं."

"ते ठावं हाय मला," भिमाजी खाली बघत म्हणाले. "मागचं बी निघंल म्हनून भ्या वाटतं."

"निघंल. पन आपनहून सांगितलं की वझं हलकं व्हतं. उद्या पहिल्या गाडीनं चला. माझं चलन भरून झालं की तुमाला सायबापुढं नेऊन बसवते."

दुसऱ्या दिवशी गाडीत भिमाजी होते, शिवाय त्यांनी धीरासाठी आणलेले पेठेतले आणखी दोघं दुकानदार होते. नगरला बँकेत चलन भरायची रांग मोठी होती. चांगुणाबाईंनी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवलेला कर खिडकीतून आत सरकवला. रोखपालानं नोटा मोजल्या, शिक्का मारला आणि चलनाची प्रत परत दिली.

"चांगुणा लेझीम कारखाना," त्यानं नाव वाचलं. "कुठं आला हा?"

"तिसगावला," चांगुणाबाई म्हणाल्या. "स्टँडच्या मागं. या एकदा."

मग त्यांनी प्रत घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि तिघा दुकानदारांना घेऊन विक्रीकर ऑफिसच्या जिन्याकडं निघाल्या. भिमाजी पहिल्या पायरीशी अडखळले.

"चला वो," त्या म्हणाल्या, "वर खुर्च्या देत्यात बसायला."